'खेडूत स्थानक' नव्हे हो, गुरांचं ठाणं!

प्रश्न असा आलाय की ऑस्ट्रेलियात पास्टोरल स्टेशनवरच्या झाडतोडीला तिथल्या मूळनिवासींचा विरोध आहे, तर बातमीत 'पास्टोरल स्टेशन'ला 'खेडूत स्थानक' चालेल का. अजिबात नाही! हे इतक्यांदा वाचलंय की आता दिसलं तरी डोकं उठतं. पास्टोरल म्हणजे इथे गुरचराईचं, आणि असं स्टेशन म्हणजे गुरं पाळायची अवाढव्य जागा, विषय संपला.

खरी मजा स्टेशनमध्ये आहे. एक ज्येष्ठ भाषांतरकार ठासून सांगतात की हा शब्द रेल्वेवरून आला. कसा येईल? ऑस्ट्रेलियात वाफेची पहिली गाडी धावली १८५४ला, आणि गुरं ठेवायच्या जागेला स्टेशन त्याच्या कितीतरी आधीपासून म्हणत होते. मूळ लॅटिन, अर्थ उभं राहायची जागा, आणि तो धातू आपल्या 'स्था'चा सख्खा भाऊ. स्थान, त्याचं ठाणं, म्हणून पोलीस स्टेशनला पोलीस ठाणं म्हणतो ते बरोब्बरच आहे. आणि गोठा बघा! गो अधिक स्थ म्हणजे गोष्ठ, त्याचा गोठा, आणि कोकणात भर दुपारी गावची गुरं सावलीला बसवतात ती गोठण, तेही गोस्थानच. म्हणजे कॅटल स्टेशन हा अख्खा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे! त्या गोष्ठातच चार माणसं जमून बोलायची ती गोष्ठी, तिचीच आपली 'गोष्ट', आणि माझ्या मते तर गुराख्यांच्या गप्पांतूनच ती निघाली, कोणी काहीही म्हणो.

मला गोठणच लिहायला आवडलं असतं, पण गोठण गावाची सामाईक, आणि साउथ ऑस्ट्रेलियातलं अ‍ॅना क्रीक हे एकच स्टेशन गोव्याच्या चौपट. म्हणून 'गुरांचं ठाणं' लिहा.

आणि कृपा करून ठाणेवाल्याला 'जमीनमालक' लिहू नका. नॉर्दर्न टेरिटरीत अशी बहुतेक जमीन सरकारच्या पट्ट्यावर, म्हणजे लीजवर असते, तो पट्टेदार. विक या मूळनिवासींच्या डिसेंबर १९९६च्या खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने (तिकडचं सर्वोच्च न्यायालय तेच) सांगितलं की चराईचा पट्टा दिला म्हणून मूळनिवासींचे हक्क आपोआप बुडत नाहीत, दोन्ही एकाच जमिनीवर नांदू शकतात, फक्त टक्कर झाली तर पट्टेदाराचं चालतं. सगळं भांडण याच 'टक्कर'मध्ये आहे. कारण ही झाडतोड, इंग्रजीतलं क्लिअरिंग, म्हणजे 'साफसफाई' नव्हे, दोन बुलडोझरच्या मधे जाडजूड साखळी बांधून ओढत नेतात आणि मधलं सगळं रान मुळासकट आडवं होतं, मग तिथे शिकारीचा, कंद गोळा करायचा, पूजेच्या जागेचा हक्क कागदावर शिल्लक राहून करायचं काय? याला सरळ 'रान उपटणं' म्हणा.

नॉर्दर्न टेरिटरीतल्या गुरिंजी या मूळनिवासी लोकांनी १९६६ला वेव्ह हिल ठाण्यावरचं काम सोडलं तेव्हाही छापून आलं 'पगारासाठी संप', पण मागणी जमिनीचीही होती. १९७५ला पंतप्रधान व्हिटलम यांनी गुरिंजींचे नेते विन्सेंट लिंगियारींच्या हातावर माती ओतली, तो फोटो तिकडे सगळ्यांनी पाहिलाय, पण त्या दिवशी हाती पडला तो पट्टाच, मालकी नाही.