भोगव्याला चार दिवस राहा, पण दिवस पाण्याच्या वेळेवर लावा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. डिसेंबरात तीन-चार दिवस मोकळे आहेत, पुण्याहून चौघं निघणार, वडिलांना गळ टाकायची हौस, आठ वर्षांच्या मुलीला समुद्रात पोहायचंय, आणि तारकर्लीची गर्दी नको. गेली सोळा-सतरा वर्षं मी दर हिवाळ्यात ज्या गावी जातो, तेच सांगतो : भोगवे, तालुका वेंगुर्ला. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे पलीकडच्या तीरावर मालवण तालुक्यातलं देवबाग आणि अलीकडे हे भोगवे. पाण्यातले खेळ, बोटी, गाणी हे सगळं त्या तीरावर. मधे फक्त नदीचं मुख आहे, पण दोन्हीकडची हवा वेगळी.

गाव म्हणजे माडांच्या बागा, लाल मातीच्या पाणंदी, गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, आत घरं आणि पुढे लांबलचक पांढरा किनारा. दक्षिणेला किनारा निवतीच्या डोंगराशी संपतो. वर शिवकालीन निवती किल्ल्याचे अवशेष आहेत, आणि तिथून खाली भोगव्याची पूर्ण पुळण एका नजरेत दिसते. राहण्याची सोय घरगुती. हॉटेलसारखी अपेक्षा ठेवून जाऊ नका. खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्ची टाकून बसायचं, जेवायला घरात जायचं.

पोचायला कोकण रेल्वेने कुडाळ, तिथून पारुळेमार्गे रस्ता. गाडीने येणार असाल तर कोल्हापूरनंतर फोंडा घाट किंवा आंबोली. चिपीचा विमानतळही २०२१ पासून जवळच झालाय. प्रवासाबद्दल याहून जास्त लिहीत नाही, खरं सांगायचंय ते पाण्याबद्दल.

आपण शहरातून जाताना सकाळी नाश्ता, मग समुद्र, मग किल्ला असा घड्याळाचा बेत करतो. तिथे तो चालत नाही. गाव भरती-सुकतीवर (सुकती म्हणजे ओहोटी) चालतं. तिथे पोचल्यावर पहिलं काम एकच : घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, "उद्या पाणी कधी भरतं?" मग बाकीचा दिवस त्याभोवती लावा. जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. त्रयोदशीला पावणेदहा. हा हिशेब मुंबईकडे चांगला जमतो. दक्षिणेला वेळ थोडी अलीकडे येते, म्हणून घरच्यांनी सांगितलेली वेळच धरा. मुंबईला उधाणात पाणी चार-साडेचार मीटर चढतं, इकडे साधारण दोन. पण दोन मीटरसुद्धा खाडीच्या तोंडाशी किती जोर करतं ते मी अनुभवलंय.

दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. दुपारी खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा उघडा पडला होता, पाणी गुडघाभर, काचेसारखं. मी त्यात उतरलो. कमरेपर्यंत गेलो तेव्हा पायाखालची वाळू सरकायला लागली. पाणी वरून स्तब्ध दिसत होतं आणि खालून पाय ओढत होतं. सुकती लागली होती, अख्खी खाडी त्या अरुंद तोंडातून समुद्रात रिकामी होत होती. मला पोहता येतं, तरी पंधरा-वीस हात मी नुसता वाहत गेलो. जाळं सुकवत बसलेले एक आजोबा उठून ओरडले, "आडवो मार! आडवो!" मी समोर येण्याचा हट्ट सोडून आडवा पोहलो आणि दांड्याच्या टोकाला लागलो. आजोबा काही रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाणी सुकता तेव्हा थंय जाव नको, बाबा." त्यानंतर मुखाशी मी कधी उतरलो नाही, आणि मुलीला तुम्हीही उतरवू नका. भरती असो वा सुकती.

पोहायचं ते मोकळ्या किनाऱ्यावर, मुखापासून चांगलं लांब. पावसाळ्यात वाळू हलते, त्यामुळे कुठे उथळ आणि कुठे एकदम खोल हे दर वर्षी बदलतं. माझ्या मागच्या वर्षीच्या जागेवरही विसंबू नका, गावात विचारा. लाटा ओळीने फुटत असताना मधेच एखाद्या पट्ट्यात फुटत नाहीत आणि पाणी गढूळ, सपाट दिसतं, तिथून पाणी आत ओढतं. मुलं नेमकी ती शांत जागा पाहून तिकडे धावतात. तिला आधीच दाखवून ठेवा. कुणी ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे झटायचं नाही, तरंगत राहायचं आणि किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर यायचं.

वेळ सकाळचीच चांगली. पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, समुद्र तळ्यासारखा पडलेला असतो. दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि पाणी खळबळतं. पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला. वाळूत पाकट नावाची चपटी मासळी रुतून बसलेली असते, पाऊल वर पडलं तर शेपटीचा काटा मारते. घासत गेलं की तिला कळतं आणि ती निघून जाते. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, अर्धा तास ते दीड तास, त्याने कळ उतरते. पाण्याच्या गरमपणाचा अंदाज दुसऱ्याने हात घालून घ्यावा. मग डॉक्टर.

आता वडिलांचं. त्यांना खाडीच्या काठाला बसवा, समुद्राच्या तोंडावरच्या खडकांवर नको. शेवाळावरून मोठी माणसं घसरतात, आणि लाट सांगून येत नाही. खाडीत तांबोशी, गोबरा, काळुंदर, शिंगाळा मिळतात. महागडी काठी आणली नाही तरी चालेल. तिथले लोक तंगुसाला (नायलॉनच्या दोरीला) गरी, म्हणजे गळाचा आकडा, आणि शिशाचं वजन बांधून नुसत्या हाताने गरवतात, आणि हाताला जे कळतं ते काठीला कळत नाही असं मलाही आता वाटतं. तर्जनीवर तंगूस ताणून धरायचा. लहान मासे टोचे मारतात तेव्हा बोटावर नुसती टिकटिक होते, तेव्हा ओढायचं नाही. तांबोशी मात्र एकदाच ओढते आणि तंगूस बोटात रुततो. आमिषाला ताजी कोळंबी, सालासकट, शेपटीकडून गरीत ओवलेली. पाणी सुकून पुन्हा भरायला लागतं ती पहिली दोन तासांची वेळ सर्वांत चांगली.

एक मात्र त्यांना नक्की सांगा. शिंगाळा लागला तर घाईने हातात धरायचा नाही. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे ताठ उभे राहतात, विषारी असतात. फडक्याने डोकं दाबून, काट्यांच्या मागून धरून गरी सोडवायची. जमत नसेल तर तंगूस कापून टाका, गरीची किंमत ती काय!

आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, चुकवू नका. पहाटे किनाऱ्यावर माणसं जमलेली दिसली की जा. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी जाळं सोडत अर्धगोल फिरते आणि लांब दुसरं टोक किनाऱ्याला आणते. मग दोन्हीकडून माणसं दोर ओढत हळूहळू एकमेकांकडे सरकतात. जाळं जवळ आलं की पाणी उकळल्यासारखं दिसतं, आणि बांगडे, पेडवे, सौंदाळे वाळूवर चमकत येतात. रापण एकट्याची नसते, अनेक घरांची मिळून असते, आणि मासळीचे वाटे पडतात. नुसतं बघत उभं राहू नका, विचारून दोराला हात लावा. मी पहिल्यांदा ओढली तेव्हा तळहात सोलले होते. शेवटी एका काकूने चार बांगडे माझ्या पिशवीत टाकले, "हात लावलंस मा, वाटो घेवन जा." पैसे द्यायला गेलो तर तिला वाईट वाटलं. त्या दुपारी तिरफळं घातलेलं तिखलं, म्हणजे माशांचं दाटसर कालवण, जेवलो, तशी चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही.

काही दिवस जाळं जवळजवळ रिकामं येतं. तेव्हा फोटो काढू नका, ती त्यांची मजुरी गेलेली असते. यांत्रिक बोटींच्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध आणले, तरी किनाऱ्याजवळ मासळी कमी झाल्याचं दुःख तुम्हाला प्रत्येक खळ्यात ऐकू येईल. ऐकून घ्या. मला या गावाबद्दल जे काही कळलं ते असं बसून ऐकूनच.

मुलीसाठी आणखी एक. संध्याकाळी पाणी सुकलं की बायका खाडीत तिसरे (शिंपल्या) काढायला उतरतात. घरातल्या वहिनींना विचारून तिला बरोबर पाठवा, वाळू चाचपून शिंपला सापडला की मुलं हरखून जातात. हिवाळा हा समुद्री कासवांच्या अंड्यांचाही हंगाम. रात्री वाळूवर कासव दिसलं किंवा ताजा माग दिसला तर टॉर्च आणि मोबाइल बंद करा, लांब थांबा आणि गावात कळवा. अंधाऱ्या रात्री कधीकधी फुटणाऱ्या लाटेत निळसर उजेड दिसतो, पाण्यात हात फिरवला तरी चमकतो. तो मिळेलच असं नाही.

म्हणून तारखा निवडताना कॅलेंडरमध्ये सुट्टीबरोबर तिथीही बघा. त्रयोदशी ते अमावास्या हे तीन दिवस धरले तर सकाळी पाणी चढत असताना मुलीचं पोहणं, दुपार सरता सरता सुकती, तेव्हा तिसरे, आणि संध्याकाळी पाणी भरायला लागलं की वडिलांचा गळ, असं सगळं जुळतं. रात्री अंधार असतोच. अमावास्येच्या आसपास ओढ जास्त असते, तेवढं मुखाचं पथ्य कडक पाळा. नाताळचा आठवडा टाळा, तेव्हा इथेही गाड्या येतात.

निघण्याआधी घरवाल्यांना फोन करून दोन गोष्टी सांगून ठेवा : वडिलांना उकड्या तांदळाची पेज चालते की नाही, आणि आमिषाची कोळंबी आदल्या संध्याकाळीच बाजूला काढून ठेवायची. एकदा कालवणात गेली की सकाळी मिळत नाही.