गॅस वाचवा, पण सासूबाईंच्या चहावर नको

ताई, सप्रेम नमस्कार.
मी फुलेवाडीत राहते. वय ४६, एका पतसंस्थेत लिपिक आहे. घरी यजमान, ८० वर्षांच्या सासूबाई (त्यांचे माहेर वळिवडे) आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा, अशी आम्ही चार माणसे आहोत. युद्धाच्या बातम्या सुरू झाल्यापासून पेट्रोल आणि गॅसच्या दरांची मी इतकी धास्ती घेतली आहे की घरात सतत 'हे बंद करा, ते बारीक करा' एवढेच माझ्या तोंडून निघते. गेल्या आठवड्यात सासूबाईंनी सकाळचा चहा तिसऱ्यांदा गरम करायला ठेवला, तेव्हा मी त्यांच्या देखत शेगडी बंद केली. त्या काही बोलल्या नाहीत. कप तसाच ओट्यावर ठेवून देवघरात जाऊन बसल्या. यजमान शिरोलीला फौंड्रीत (लोखंड ओतण्याच्या कारखान्यात) जातात, त्यांच्यापुढे मोटारसायकलचा विषय काढला की त्यांचा आवाज चढतो. मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर युद्धाचे व्हिडिओ बघतो आणि म्हणतो, 'तिकडे तेलाच्या टाक्या पेटल्यात आणि तू इकडे गॅस बारीक करतेस.' त्याचे खोटे कसे म्हणू? अंघोळीचे पाणी गॅस गिझरवर तापते, म्हणून परसातला जुना बंब पुन्हा पेटवावा का, इंडक्शन घ्यावे का, की हे सगळे सोडूनच द्यावे, हे कळेनासे झाले आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा त्यात युद्ध आणि दरवाढ दिसली. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा ओट्यावर तसाच राहिलेला तो कप डोळ्यांसमोरून हलेना, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. एक कप चहा पुन्हा गरम करायला साधारण दोन ग्रॅम गॅस लागतो आणि घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. सासूबाईंनी रोज दोनदा चहा गरम केला तरी महिन्याकाठी सिलिंडरचा जेमतेम शंभरावा भाग खर्च होईल. एवढ्यासाठी ८० वर्षांचे माणूस आपल्याच स्वयंपाकघरातून उठून गेले, हा व्यवहार तुमच्यासारख्या हिशेबाच्या कामातल्या बाईला पटणार नाही. तेव्हा आधी त्यांची माफी मागा, आणि ती मागताना दरवाढीचे कारण पुढे करू नका. मग एक चांगला थर्मास आणा, सकाळचा चहा गाळला की त्यांच्या वाट्याचा त्यात ओता आणि तो त्यांच्या हाताशी ठेवा.

गॅस खरोखर जातो तो न्हाणीघरात. चार माणसांच्या चार बादल्या पाणी रोज गिझरवर तापवायला महिन्याला चार किलोच्या आसपास गॅस लागतो, म्हणजे सिलिंडरचा पाव भाग आणि वर थोडा. तुम्ही ज्या शेगडीवर पहारा ठेवून होता तिथे ग्रॅम वाचत होते, आणि किलो भिंतीपलीकडे जात होते. बंबाचे म्हणाल तर त्याची आठवण मलाही गोड वाटते, पण चिपाडे आणि ढलप्या घालून पेटवलेल्या त्या बंबाचा धूर कधीच गोड नव्हता, आणि आजच्या दाट वस्तीत तो शेजारच्या घरातल्या तान्ह्या मुलाच्या नाकात जाईल. घरावर स्वतःचा स्लॅब असेल तर सोलर वॉटर हीटरसाठी पैसे साठवायला लागा. चौघांच्या घराला १०० लिटरचा पुरतो आणि कोल्हापुरात पावसाळ्याचे महिने सोडले तर बहुतेक दिवस तो पाणी चांगले तापवतो. तोवर गिझरचा नॉब एक घर खाली आणा आणि पाणी तापवून वर त्यात गार पाणी मिसळण्याची सवय सोडा.

स्वयंपाकाची बाजू तुम्हाला मी शिकवावी अशी नाही. डाळ, कडधान्ये भिजवून लावणे, भांड्याच्या बुडाबाहेर ज्योत जाऊ न देणे, ज्योत पिवळी दिसली की बर्नर साफ करणे, हे तुम्ही करत असालच. एक गोष्ट मात्र सुचवते, तीही स्वतः फजिती करून घेऊन शिकलेली. तांदूळ घातलेल्या पातेल्याला खळखळून उकळी आली, की पाच-सात मिनिटांनी ते झाकणासह उतरवायचे, जुन्या वाकळेत घट्ट गुंडाळायचे आणि तासभर विसरून जायचे. आतल्या उष्णतेवर भात शिजतो. पहिल्या दिवशी माझा जीव राहीना. मी दोनदा वाकळ सोडून झाकण उघडून बघितले, वाफ गेली, आणि रात्री सगळ्यांनी कणी राहिलेला भात आमटी ओतून कसाबसा गिळला. झाकण उघडायचे नाही, एवढेच या युक्तीचे मर्म आहे.

इंडक्शन मात्र ऐकीव माहितीवर घेऊ नका. एका सिलिंडरवर जितका स्वयंपाक होतो तितका इंडक्शनवर करायला साधारण १२० युनिट वीज लागते, आणि महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चांगलाच चढतो. तुमचा वापर त्या सीमेच्या आसपास असेल तर गॅसवर वाचलेले पैसे विजेच्या बिलात जातील. छतावर सौर पॅनेल बसवले तर हिशेब बदलतो, कारण १ किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतो, म्हणजे महिन्याला तेच १२० युनिट. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान ठरले होते. अर्ज करण्याआधी चालू नियम एकदा पाहून घ्या. हे काम तुम्ही करू नका, मुलाला द्या. त्याच्याविषयी पुढे लिहितेच.

आता यजमान. ज्या माणसाची हयात भट्टीजवळ गेली, त्याला इंधनाची किंमत बायकोने समजावून सांगितली की राग येणारच. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला सुमारे ६०० युनिट वीज लागते आणि भट्टीवरचे झाकण उघडे राहिले तर त्यातली किती वाया जाते, हे तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळते. आपल्या जिल्ह्यातला गुळव्यासुद्धा उसाचा रस काढून उरलेले चिपाड वाळवतो आणि त्याच चिपाडाच्या जाळावर काहिलीतला रस आटवतो. त्याच्या गुऱ्हाळावर पर्यावरणाचा फलक कोणी लावलेला नाही. म्हणून उपदेशाऐवजी त्यांच्या पुढ्यात प्रश्न ठेवा. फुलेवाडीहून शिरोलीला जाऊन यायला २५ किलोमीटरच्या आसपास होत असतील तर रोज अर्धा लिटर पेट्रोल, महिन्याचे साधारण तेरा लिटर. त्यांच्याच पाळीचा, त्याच वाटेवरचा कोणी सहकारी असेल आणि दोघांनी एक आठवडा याची गाडी, एक आठवडा त्याची गाडी असे ठरवले, तर प्रत्येकाचे सहा लिटरांहून अधिक पेट्रोल वाचते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा तो हिशेबही त्यातच आला. मोटारसायकल सोडा, हे शब्द पुन्हा उच्चारू नका. घरचे आपली गाडी विकायला निघालेत असे पुरुषांना फार लवकर वाटते. तुम्ही स्वतः पतसंस्थेत कशा जाता हे पत्रात लिहिलेले नाही. केएमटीच्या शहर बसने किंवा वडापच्या जीपने जाणे जमत असेल तर सुरुवात तुमच्यापासून झालेली बरी दिसेल.

मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते खरे आहे हे त्याला मोकळेपणाने सांगा. तुमच्या शेगडीमुळे कोणतेही युद्ध थांबणार नाही. आपला देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो आणि जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा एरवी होर्मुझच्या एका चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जातो; तिथे जहाजांचा विमा महागला की झळ आपल्या नाक्यावरच्या पंपापर्यंत पोचते. यावर तुमचा ताबा नाही, माझाही नाही. सरकारने, कारखान्यांनी, तेल कंपन्यांनी करायची कामे तुमच्या ओट्यावर आणून ठेवण्याचे कारण नाही. दर कायम चढतच राहतात असेही नाही. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर मार्च २०२२ मध्ये कच्चे तेल पिंपाला १३९ डॉलरपर्यंत गेले होते आणि ते वर्ष संपताना ९० डॉलरच्या खाली आले होते. पंपावरचा आकडा तितक्या तत्परतेने उतरत नाही, हे आपण सगळेच अनुभवतो, पण तो मुद्दा निराळा.

त्याच्या म्हणण्याचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे इकडे काही करण्यात अर्थ नाही हा, मात्र चुकीचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, तेव्हा तो शाळकरी असेल, पण त्याला आठवत असेल. पेट्रोल, दूध, भाजी यांची वाट बघत हे शहर बसले होते. त्या दिवसांत ज्याच्या घरी चार माणसांचे पीठ होते त्याने आठ जणांच्या भाकरी थापल्या, आणि त्या भाकरींनी पंचगंगा उतरेल असे कोणालाही वाटले नव्हते. भाकरी थापणाऱ्यांची भीती मात्र कमी झाली होती, कारण हात कामात होते. तुमचा मुलगा रात्री दोन वाजता जे बघत बसतो त्यात त्याच्या हाताला काहीच काम नाही, आणि त्याला खचवणारी गोष्ट बहुधा हीच आहे. छतावर सावली किती वाजता कुठे पडते, वर्षभराच्या बिलांत युनिट किती, पावसाळ्यात उत्पादन किती घटेल, पैसे किती वर्षांत वसूल होतील, हा सगळा अभ्यास त्याच्यावर सोपवा आणि तो जे सांगेल ते खरोखर माना. सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तुम्ही लिहीत असालच, ती आता त्याने लिहावी. बातम्या सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, आणि मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला, हा नियम करायचा तर तो चौघांसाठी करा, तुमच्यासह. तुमची धास्तीही त्याच पडद्यातून येते असा मला दाट संशय आहे. मात्र त्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, जेवणाखाण्यावरची वासना गेली असेल किंवा जगण्यातच अर्थ नाही असे तो बोलू लागला असेल, तर त्याला काटकसरीच्या कामाला जुंपू नका. वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलि-मानस सेवा आहे, तिथे तुम्हीही बोलू शकता.

सासूबाईंचे माहेर वळिवड्याचे, हे तुम्ही पत्रात कंसात लिहिले आहे. मला ती ओळ कंसाबाहेर काढावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धात पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने सैबेरियाकडे हाकलून दिलेल्या कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे इराणमार्गे आपल्याकडे आली आणि १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिली. त्यांत बहुतांशी बायका आणि मुले होती. कित्येकींचे नवरे आघाडीवर होते, कित्येकींना आपले माणूस जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नव्हते, आणि मागे राहिलेले घर परत मिळेल याची खात्री कोणालाच नव्हती. तरी त्यांनी तिथे शाळा चालवल्या, प्रार्थनाघर उभे केले, मुलांची बालवीर पथके काढली, नाटके बसवली. युद्ध संपेल तेव्हा शिकू, असे त्या मुलांना कोणी सांगितले नाही. इकडे तेव्हा पेट्रोलच्या टंचाईमुळे सर्व्हिस मोटारींना मागे कोळशाची भट्टी जोडून त्या गॅसवर चालवत. पुढे पोलिश लोक गेले आणि त्याच जागेत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते गांधीनगर त्यातूनच उभे राहिले. पोलिश मंडळींच्या आठवणीचा स्तंभ महावीर उद्यानात आहे. तुमचा मुलगा त्याच्या जवळून शंभर वेळा गेला असेल.

सासूबाई तेव्हा अगदी तान्ह्या असतील, पण त्यांच्या आईवडिलांनी, चुलत्यांनी त्या गोऱ्या बायकांच्या गोष्टी घरात सांगितल्याच असतील. कोण त्यांना दूध घालायला जाई, कोणाला त्यांची भाषा दोन शब्दांपुरती येत असे, जाताना कोणी कोणाला काय देऊन गेले, हे सगळे छापील पुस्तकात मिळत नाही. येत्या रविवारी केएमटीने तिघे महावीर उद्यानात जा. यजमान आले तर उत्तम, नाही आले तर आग्रह नको. थर्मास बरोबर घ्या. बाकावर बसल्यावर पहिला कप सासूबाईंना द्या, आणि वळिवड्याचे विचारायचे काम मुलावर सोडा.

तुमची,
ताई