तुकड्यांची गोधडी आणि मधल्या पट्ट्या

प्रश्न : ब्लाउज-कुर्त्यांच्या उरलेल्या सुती कापडातून नऊ-नऊ तुकड्यांच्या चौकटी शिवल्या आहेत. शेजारी शेजारी मांडल्या की एकही चौकट वेगळी दिसत नाही, सगळा गलबला होतो. मध्ये पट्ट्या घातल्या तर एका माणसाच्या गोधडीला किती कापड लागेल? (सांगली)

उत्तर : पट्ट्या जरूर घाला. तुकडे जितके रंगीबेरंगी, तितकी पट्टी शांत हवी. पट्टीचा रंग तुकड्यांपेक्षा स्पष्टपणे गडद किंवा स्पष्टपणे फिका घ्या, मधली छटा तुकड्यांतच मिसळून जाते.

हिशेब असा. तुकडा साडेतीन इंचाचा कापायचा आणि चारही बाजूंना पाव इंच माया (शिवणीत जाणारी कड) धरायची. शिवल्यावर तो ३ इंचाचा राहतो आणि चौकट ९ इंचांची होते. पट्टी अडीच इंच रुंद, साडेनऊ इंच लांब कापा, शिवल्यावर ती २ इंच दिसेल. आडव्या ५ आणि उभ्या ७ चौकटी घेतल्या, बाहेरूनही पट्टी फिरवली, तर गोधडी ५७ × ७९ इंच होते. त्यासाठी ३५ चौकटी म्हणजे ३१५ तुकडे, ८२ पट्ट्या आणि पट्ट्या जिथे मिळतात तिथे बसवायला अडीच इंचाचे ४८ चौकोन लागतील. ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून ८२ पट्ट्या दीड मीटरमध्ये जेमतेम निघतात. कापड आधी धुऊन आटवून घ्यायचं असल्यामुळे पावणेदोन मीटर आणा. चौकोनांना २५ सेंटिमीटर पुरतं.

प्रश्न : पट्ट्यांसाठी जुन्या इरकली साडीचे काठ वापरायचे आहेत. एक साडी पुरेल का? (सोलापूर)

उत्तर : वरच्या मापाला एक पुरत नाही. साडेपाच मीटरच्या साडीचा एक काठ २१६ इंच भरतो. त्यातून साडेनऊ इंचांच्या २२ पट्ट्या, म्हणजे दोन्ही काठांच्या मिळून ४४. गोधडीला उभ्या ४२ आणि आडव्या ४० लागतात. तेव्हा उभ्या पट्ट्या एका साडीच्या आणि आडव्या दुसरीच्या घ्या. दोन काठांची अशी वीण फार देखणी दिसते. एकच साडी असेल तर बाहेरची पट्टी गाळून फक्त मधल्या पट्ट्या घातल्या तरी ५८ लागतात. अशा वेळी काठ फक्त उभ्या पट्ट्यांना आणि आडव्यांना साधं कापड हा चांगला मार्ग.

कापण्याआधी खालचा काठ उजेडासमोर धरा. पायाशी घासून तो विरलेला असतो, फॉल लावलेल्या जागी सुईची भोकंही असतात. दोन्ही अंगठ्यांनी आडवा ताणून बघा. धागे सरकले तर मागून मलमलीचं अस्तर लावल्याशिवाय तो भाग वापरू नका. अगदी कडेची किनार घट्ट विणलेली असते आणि धुतल्यावर वेगळी आखडते, म्हणून ती कापून टाका. काठ अडीच इंचांपेक्षा अरुंद असेल तर साडीच्या अंगाचं थोडं कापड जोडीला ठेवून कापा.

करवतकाठ असेल तर दात कुठल्या बाजूला ठेवायचे ते पहिल्या पट्टीलाच ठरवा. उभ्या पट्ट्यांचे सगळे दात उजवीकडे, आडव्यांचे सगळे खाली. एखादी जरी उलटी बसली तरी नजर तिथेच अडते. लाल आणि काळ्या काठांचा रंग जातो का हेही आधी तपासा : ओला तुकडा पांढऱ्या कापडावर ठेवून गरम इस्त्री दाबा. डाग उमटला तर काठ धुवा आणि पुन्हा तपासा. डाग थांबत नसेल तर तो काठ या गोधडीत घालू नका.

प्रश्न : साध्या पट्टीला काही नक्षी करता येईल का? बारीक तुकडे खूप उरले आहेत. (पणजी)

उत्तर : चांदण्या करा. पट्टीच्या टोकाला दोन्ही कोपऱ्यांवर दीड इंचाचा एकेक चौकोन सुलट बाजूला सुलट बाजू लावून ठेवायचा, तिरक्या रेषेवर शिवायचं, पाव इंच सोडून कोपरा कापायचा आणि तुकडा बाहेर उलटायचा. पहिला कोपरा पूर्ण झाल्यावरच दुसरा लावा, कारण दोन्ही चौकोन मध्ये अर्धा इंच एकमेकांवर येतात. पट्टीच्या रंगाचं टोक कडेपासून बरोबर पाव इंचावर यायला हवं. ते कडेला टेकलं तर जोडताना शिवणीत जातं. आतल्या २४ चौकोनांभोवती पूर्ण चांदण्या होतात, त्यासाठी असे १९२ तुकडे लागतील. नक्षीदार काठावर मात्र हे करू नका.

प्रश्न : पट्ट्या लावल्यावर ओळी जुळत नाहीत. एक ओळ चार सेंटिमीटर कमी भरते. (ठाणे)

उत्तर : दोष मायेत आहे. माया एका मिलिमीटरने जास्त गेली की प्रत्येक शिवण २ मिलिमीटर खाते. चौकटीत २ शिवणी, पाच चौकटींत १०, पट्ट्या जोडण्याच्या आणखी १० : झाले ४ सेंटिमीटर. प्रेसर फुटाच्या कडेला पाव इंच धरू नका, बऱ्याच मशिनींत तो जास्त असतो. सुईपासून पाव इंच मोजून मशिनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा.

शिवून झालेल्या चौकटी मोजा. सगळ्या सारख्याच सव्वानऊ भरत असतील तर उसवू नका, पट्ट्याच सव्वानऊ इंच लांब कापा. पट्टी चौकटीला लावून उरेल तेवढी कापायची सवय मात्र सोडा. त्यानेच ओळी तिरक्या होतात. इस्त्री करताना माया नेहमी पट्टीकडे वळवा. मग ओळी जोडताना समोरासमोरच्या शिवणी एकमेकींत अडकतात आणि कोपरे आपोआप जुळतात. इस्त्री दाबून उचला. घासली की तुकडा ताणला जातो, उरेब (धाग्याला तिरका) कापलेला तर हमखास.

प्रश्न : घरी गोधडी कडेकडून आत शिवत येतात. याही गोधडीला तसंच चालेल का? (बेळगाव)

उत्तर : नाही. आपल्या पारंपरिक गोधडीत आणि कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या कवंदीत, म्हणजे त्यांच्या गोधडीत, तुकडे शिवता शिवताच लावले जातात. जास्तीचं कापड तिथल्या तिथे दुमडता येतं, म्हणून कडेकडून आत येणं जमतं. इथे वरचा थर आधीच मापात बांधलेला आहे. कडेकडून सुरुवात केली तर सगळा झोळ मध्ये साचतो आणि मोठी चुणी पडते. त्यामुळे आधी सगळ्या थरांना मिळून वीतभर अंतरावर कच्चा धागा घाला, मग मधल्या पट्टीपासून बाहेर जा.

आत धुतलेल्या सुती साडीचे दोन थर पुरतात. आतला आणि खालचा थर चारही बाजूंनी दोन इंच मोठा ठेवा. धावदोरा पट्टीवर न घालता शिवणीलगत चौकटीच्या अंगाला घाला. माया पट्टीकडे वळलेली असल्याने तिथे थर कमी असतात, सुई सहज जाते आणि पट्टी थोडी उठून दिसते.

प्रश्न : टेरिकॉटचे तुकडे मिसळले तर? (नांदेड)

उत्तर : नकोत. सुती कापड धुतल्यावर आटतं, टेरिकॉट (सूत आणि पॉलिएस्टरचं मिश्र कापड) फारसं आटत नाही, म्हणून शिवणीला चुण्या पडतात. गरम इस्त्रीने त्यावर चकाकी येते ती वेगळीच. असे तुकडे बाजूला काढून फक्त त्यांचीच वेगळी गोधडी करा.