सॉफ्टवेअरमध्ये फीचर्सची गर्दी होऊ नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे: ग्राहक मागतील ते देत गेल्यामुळे तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर अवजड झालंय, नवा माणूस उघडतो आणि गोंधळतो, तरी मागण्या थांबत नाहीत. मग नाही म्हणायचं कसं? मीही छोट्या व्यापाऱ्यांसाठीच सॉफ्टवेअर करतो, म्हणून माझ्या कामातलंच सांगतो.

मागणी नोंदवताना फीचर लिहू नका, त्यामागची अडचण लिहा. आमच्याकडे चार दुकानदारांच्या चार मागण्या होत्या. एकाला थकलेली बिलं लाल रंगात हवी होती, दुसऱ्याला आठवड्याचा वेगळा रिपोर्ट, तिसऱ्याला गिऱ्हाइकाला आपोआप जाणारा मेसेज, चौथ्याला नवं बिल करताना जुन्या बाकीची सूचना. चौघांनाही ‘हे नसल्यामुळे काय अडतं?’ असं विचारल्यावर उत्तर एकच आलं, उधारी वसूल होत नाही. आम्ही सर्वांत जुनी बाकी वर दाखवणारी एकच यादी केली आणि नावापुढे फोन लावायचं बटण दिलं. चारपैकी तिघांनी पुन्हा विषय काढला नाही. मेसेजची मागणी मात्र खरी होती, ती पुढे केली. ग्राहक स्वतःची अडचण उत्तम जाणतो. तिच्यावरचा उपाय शोधणं हे आपलं काम आहे, ते त्याच्यावर टाकू नये.

दुसरं, काय करायचं नाही याची रेघ आधी आखा. याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मोझिलाचं, म्हणजे फायरफॉक्स ब्राउझर ज्यातून निघाला त्या प्रकल्पाचं. जून 2002 मध्ये मोझिला 1.0 आलं तेव्हा त्यात ब्राउझर, ईमेल, न्यूजग्रुप (इंटरनेटवरचे चर्चेचे गट), वेबपेज बनवायचा एडिटर आणि चॅट असं सगळं एकत्र होतं. त्याच प्रकल्पातल्या डेव्ह हायट आणि ब्लेक रॉस यांनी फक्त ब्राउझर वेगळा काढायला घेतला. सप्टेंबर 2002 मध्ये तो ‘फिनिक्स’ नावाने आला आणि 9 नोव्हेंबर 2004 ला ‘फायरफॉक्स 1.0’ झाला. ईमेल थंडरबर्ड या वेगळ्या प्रोग्रामकडे गेलं. ज्यांना जास्तीचं काही हवं होतं त्यांच्यासाठी एक्स्टेन्शनची, म्हणजे हवे ते छोटे प्रोग्राम वरून जोडून घ्यायची, सोय ठेवली. म्हणजे थोड्यांच्या गरजेला दार बंद केलं नाही, फक्त तिचं ओझं सगळ्यांवर टाकलं नाही. तुमच्याकडे एक्स्टेन्शन नसतील, पण डेटा एक्सेलमध्ये नीट बाहेर काढता आला तरी निम्मे खास रिपोर्ट ग्राहकाचा अकाउंटंट स्वतःच करून घेतो.

टीममध्ये एकमत होत नाही तेव्हा ‘सेटिंगमध्ये टाकू, ज्याला हवं तो चालू करेल’ असं ठरतं. हे टाळाच. चालू-बंद होणाऱ्या दहा सेटिंग्ज म्हणजे 1,024 वेगवेगळ्या अवस्था, आणि वीस झाल्या की दहा लाखांच्या वर. एवढं कोणी तपासू शकत नाही. मग एका ग्राहकाकडे बिल चुकीचं छापलं जातं आणि तुमच्या मशीनवर सगळं बरोबर दिसतं.

लपवूनही भागत नाही. मायक्रोसॉफ्टने ऑफिस 2000 मध्ये कमी वापराच्या आज्ञा मेनूत झाकून ठेवल्या, तर लोक त्या शोधत बसू लागले. वर्ड 2003 च्या वापराच्या नोंदींत पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाचच आज्ञा एकूण वापराच्या सुमारे 32% निघाल्या, म्हणजे उरलेला मोठा वापर इतर आज्ञांचाच होता. शेवटी ऑफिस 2007 मध्ये त्यांना मांडणीच नव्याने करावी लागली.

राहिलं असलेलं काढून टाकणं. इथे वापराचे आकडे बघा, पण त्यांच्यावरच विसंबू नका. फायरफॉक्समध्ये 2011 साली टॅबचे गट करायची सोय आली. ती फार थोडे लोक वापरतात म्हणून 2016 मध्ये काढली, आणि लोक मागत राहिले म्हणून 2025 मध्ये टॅबचे गट नव्या रूपात परत आले. वापर कमी असला तर गरज नसेल, किंवा गरज असून ती सोय लोकांना सापडत नसेल. आपल्या क्षेत्रात आणखी एक धोका आहे: नोव्हेंबरचे आकडे पाहून तुम्ही वर्षअखेरीच्या नोंदी काढून टाकाल आणि 31 मार्चला फोन वाजू लागतील. निदान एक पूर्ण आर्थिक वर्ष मोजा.

काढायचं ठरलंच, तर ते वापरणाऱ्यांची यादी करा आणि स्वतः फोन करा. ते काम आता कसं करायचं हे दाखवून द्या, त्यांचा जुना डेटा त्यांच्या हातात द्या, आणि मगच बटण काढा.