घरात कन्नड नसलेल्या मुलीला कोणता कन्नड बालकवी वाचायला द्यावा?

बेंगळुरूला बदली झाली, मुलगी पहिल्यांदाच कन्नड शिकते आहे, घरात कुणालाच ती भाषा येत नाही, तर मुलांसाठी लिहिणारा कुठला कवी तिला द्यावा, असं तुम्ही विचारलं आहे. मी बेळगावची. माझीही कन्नड शाळेतच सुरू झाली, म्हणून अगदी मनापासून सांगते: पंजे मंगेशराव.

जन्म 1874 चा, मंगळूरजवळच्या बंटवाळचा. घरात कोकणी, गावात तुळू. म्हणजे कन्नड त्यांनाही आईच्या तोंडून मिळाली नव्हती. पुढे ते शिक्षक झाले, शाळा तपासनीस झाले, कोडगूत मडिकेरीला मुख्याध्यापक होते. तिथल्या सुगीच्या सणावरचं त्यांचं 'हुत्तरि हाडु' कोडगूची माणसं आजही अभिमानाने म्हणतात. 'कविशिष्य' या नावाने लिहायचे. 1934 साली रायचूरच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि 1937 साली गेले.

पण मुलीला हे काही सांगू नका. तिला थेट 'नागरहावु' म्हणून दाखवा. सुरुवातच बघा: 'नागर हावे, हावोळु हूवे'. हावु म्हणजे साप, हूवु म्हणजे फूल. 'अरे नागा, सापांमधल्या फुला!' एक स्वर बदलला की सापाचं फूल होतं, आणि पोराला दोन शब्द कायमचे मिळतात. मग हात जोडतो, दूध देतो, 'बा बा बा बा' म्हणजे ये, ये. आपल्या नागपंचमीच्या घरातलंच सगळं. पुढे फणा काढ, पुंगी ऐक, अशी आर्जवं. शेवटी मात्र कळतं की याचं अंग गार असलं तरी मनात वैर धगधगतंय, आणि 'बा बा'चं होतं 'पो पो पो पो', जा, जा! आम्ही वर्गात हे 'पो पो' दाराकडे हात करून ओरडायचो. बाई थांबवायच्या नाहीत.

नंतर 'तेंकण गाळियाट' घ्या, दक्षिणेकडच्या वाऱ्याची कविता. शब्द अवघड आहेत, पण मोठ्याने वाचली की वारा नुसत्या आवाजातून अंगावर येतो. मला ती अर्थ कळायच्या कितीतरी आधी पाठ होती.

एक करा, पुस्तक हातात देण्याआधी आठवडाभर रोज झोपताना तुम्हीच म्हणा. 'हूवे'चा ऊ चांगला लांबवा. 'हावोळु'मधला ळ आपल्या मुलांना मुळीच अडत नाही.