१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येत गणिताच्या दृष्टीने काही खास आहे, की ती फक्त दिसायला छान आहे?

खास आहे. ही १११११११११ चा, म्हणजे ओळीने नऊ एक्के असलेल्या संख्येचा वर्ग आहे. पडताळायला कॉम्प्युटरवर विसंबू नका. ऑफिसातल्या स्प्रेडशीटने १५ आकड्यांनंतर हात टेकले आणि शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्यं ठेवून दिली.

त्यापेक्षा वहीत, शाळेत मांडायचो तसा उभा गुणाकार मांडा. प्रत्येक ओळ तीच, नऊ एक्क्यांची, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकलेली. अगदी उजवीकडच्या उभ्या रांगेत एकच एक्का, शेजारच्या रांगेत दोन, मग तीन, असं करत मधल्या रांगेत नऊ. तिथून पुन्हा उतरण. एकाही रांगेची बेरीज दहापर्यंत पोचत नाही, त्यामुळे हातचा येत नाही आणि जिना जसाच्या तसा उरतो.

मी हे पहिल्यांदा मांडलं ते डोंबिवलीहून सीएसएमटीला जाताना, पेपरच्या कोऱ्या कडेवर (चौथी सीट मिळाली होती, नाहीतर तेही जमलं नसतं). नंतर कळलं, या संख्यांचं नावच डोंबिवलीवरून पडलंय! देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १, १२१, १२३२१ अशा संख्यांना 'डेमलो संख्या' म्हटलं. डेमलो हे जीआयपी रेल्वेवरचं (आजच्या मध्य रेल्वेवरचं) स्टेशन, म्हणजेच आजची डोंबिवली. कल्पना त्यांना तिथे सुचली. आम्हाला त्याच स्टेशनवर फास्ट कितव्या फलाटावर येणार, यापलीकडे काही सुचत नाही. कापरेकर म्हटलं की लोक ६१७४ (त्यांच्या नावाने ओळखला जाणारा स्थिरांक) सांगून थांबतात. मला विचाराल तर हा जिना जास्त देखणा.

आता अवयव. ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा हा गुणाकार. एकूण विभाजक ४५. पूर्ण वर्ग असल्यामुळे विषम. अंकांची बेरीज ८१, आणि ३ चा चौथा घातही ८१च, म्हणून आपल्याच अंकांच्या बेरजेने हिला नि:शेष भाग जातो. अशा संख्यांना 'हर्षद' हे नावही कापरेकरांनीच दिलेलं. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग.

नीट बघा, या १२३४५६७९ मध्ये ८ नाही. तो कुठे गेला हे हवं असेल तर नऊऐवजी दहा एक्क्यांचा वर्ग करा. मधल्या रांगेत १० येतात, त्यांचा हातचा डावीकडच्या ९ चे दहा करतो, त्याचा हातचा ८ चे नऊ: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा ८ गायब. १ ला ८१ ने भागून दशांश लिहीत जा, तिथेही ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असाच ८ गिळला जातो, आणि गिळणारा तोच हातचा.