मेजर कॉम्प्युटर सायन्स असताना न्यूरोसायन्सचा मायनर घ्यावा का?

जरूर घ्या, पण आधी विषयांची यादी नीट वाचा. नुसतेच ओळखवजा पेपर असतील तर फारसं हाती लागत नाही. चेतापेशींवरचा एक सखोल पेपर आणि प्रयोगशाळेतलं काम हवंच. तुमचं गणित तिथे खरं कामाला येतं. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये स्क्विड या समुद्री प्राण्याच्या चेतापेशीच्या जाड तंतूवरच्या, म्हणजेच अ‍ॅक्सॉनवरच्या मोजमापांतून चेतापेशीतला विद्युत संदेश कसा उमटतो हे सांगणारी चार डिफरन्शियल समीकरणं मांडली. सोडियम पेशीच्या आत शिरतो, मग पोटॅशियम बाहेर पडतो, आणि व्होल्टेजचा तो टोकदार आलेख उमटतो. ही समीकरणं पायथॉनमध्ये स्वतः सोडवून बघाच, फार आनंद मिळतो! बायोलॉजी-केमिस्ट्रीचे पूर्वअट असलेले पेपर मात्र सुरुवातीलाच उरका, नाहीतर पुढे वेळापत्रक जुळवताना नाकी नऊ येतात.